शालनचा टाक

"गळ्यातलं काढा," इमिग्रेशन कचेरीच्या दारावरचा पहारेकरी म्हणाला.

म्हणजे तो इंग्रजीत म्हणाला. मला कळलं नाही असं समजून त्यानं स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं आणि मी एक पाऊल मागं सरले. धातू शोधणाऱ्या यंत्राच्या चौकटीतून मी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा ती किंचाळली होती. बांगड्या काढून झाल्या, कोट काढून झाला, केसांतल्या पिनासुद्धा काढून झाल्या. उरलं होतं ते मंगळसूत्र.

"अहो," मी पलीकडे उभ्या असलेल्या यांना हाक मारली, "हा मंगळसूत्र काढायला सांगतोय."

"मग काढ की."

"आत्याबाईंनी काय सांगितलंय, ठाऊक आहे ना?"

"मंदा, मागं रांग लागलीय. क्षणभर काढायचं, इकडं आलीस की घालायचं. आई काय बघायला आलीय का इथं?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या वेळी तासगावजवळच्या त्यांच्या घरी गाढ झोपलेल्या असणार. तरी मी आधी डावीउजवीकडं पाहिलं आणि मगच मंगळसूत्र डोक्यावरून काढून प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवलं. या वेळी चौकट गप्प राहिली. गळा एकदम मोकळा झाला आणि मला अशी थंडी वाजली, की मी कोट घालून वरपर्यंत बटणं लावली. बाहेर बर्फ होतं, पण आत हीटर चांगला चालू होता.

त्या मंगळसूत्रात दोन वाट्यांच्या मधोमध एक चांदीचा टाक होता. नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. दोन डोळे, नथ, जोडलेले हात. ती शालन. माझ्या नवऱ्याची पहिली बायको.

बिजवराशी लग्न करणारीनं आधीचीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. लग्नाच्या दिवशी आत्याबाईंनी तो स्वतःच्या हातानं माझ्या मंगळसूत्रात ओवला आणि मला कोपऱ्यात घेऊन बजावलं होतं, "हिला आदी, मग तुला. कुंकू लावशील तर आदी हिला लावायचं. नवं लुगडं आलं, आदी हिला दावायचं, मग नेसायचं. घरात काय बी नवं आलं तर पयला मान हिचा. आन गळ्यातनं काढायचा न्हाई."

"आंघोळीला?"

"आंघोळीला बी न्हाई."

"आणि काढला तर?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "मग ती आपला संसार आपण बघंल," असं म्हणून त्या पाहुण्यांत निघून गेल्या.

मी काही अगदीच भोळी नव्हते. मिरजेत शिवणकामाचे वर्ग चालवत होते, चार बायकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत होते. पण छत्तिसाव्या वर्षी लग्न ठरलेल्या बाईनं फार प्रश्न विचारायचे नसतात. एक नखाएवढी सवत, तीही मेलेली, तीही चांदीची. मी म्हटलं, चालेल.

हे, म्हणजे रघुवीर शितोळे, ओहायोतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. बोलायला कमी, वागायला सरळ. तिकडचे नागरिक झालेले, त्यामुळं मला बायको म्हणून ग्रीन कार्ड लगेच मिळालं. पण ते दोन वर्षांचं कच्चं कार्ड. दोन वर्षांनी सरकारला पटवून द्यायचं, की लग्न खरं आहे, नवराबायको एका छपराखाली नांदताहेत. मग पक्कं कार्ड, आणि पुढं नागरिकत्व. आमचं घोडं नेमकं तिथंच अडलं. पहिल्याच वर्षी माझी आई अंथरुणाला खिळली आणि मी तिच्या शेवटापर्यंत मिरजेत राहिले. वर्षातला बराच काळ बायको इकडं आणि नवरा तिकडं. लग्न नुसतं कार्डासाठी केलंय का, असा संशय यायला तेवढं पुरतं. आम्हाला मुलाखतीला बोलावलं. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवणार, तेच प्रश्न विचारणार आणि उत्तरं ताडून बघणार.

नापास झाले असते तर मला परत जावं लागलं असतं. कुठं, हा प्रश्न होता. आई गेल्यावर भावानं तिच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन टाकलं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला हा माणूस आवडायला लागला होता. सकाळी माझ्या गाडीच्या काचेवरचं बर्फ न सांगता खरवडून ठेवणारा हा माणूस मला सोडायचा नव्हता.

सल्ल्यासाठी एका वकीलबाईंना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लग्न खरं आहे ना? मग खरं सांगा. मी कशाला हवी?" जाताना त्यांनी असले प्रश्न कसे असतात ते सांगितलं आणि घरी सराव करा म्हणाल्या.

रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसायचो. मी यांच्याबद्दलची उत्तरं घडाघडा द्यायचे. कुठली दाढ काढलीय, दाढीला कुठला साबण, सगळं. मग यांची पाळी.

"तुमची बायको चहात साखर किती घेते?" मी ऑफिसरच्या थाटात विचारलं.

"घेत नाही. बिनसाखरेचा."

"अहो! दोन चमचे. रोज समोर बसून पिते."

"हो, दोन. चुकलं."

"पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपते?"

"खिडकीकडं."

"दाराकडं झोपते मी. खिडकीतून वारा लागतो मला."

"हां. दाराकडं."

"रविवारी सकाळी काय करते?"

"न्हाते, आणि हॉलमधल्या हीटरच्या जाळीपाशी जमिनीवर बसून केस वाळवते."

मी पेन खाली ठेवलं. माझे केस ते केवढे, चिमणीच्या शेपटीएवढी वेणी. वाळवायला रुमाल पुरतो. यांच्या चेहऱ्यावर मात्र पाठ केलेलं उत्तर बरोबर आल्याचं समाधान होतं. ते मावळायला जरा वेळ लागला.

"अहो, ही कुठली बायको तुमची? कधी भेट घालून द्या आमची," मी थट्टेत म्हणाले. हे हसले नाहीत. उठून बेसिनपाशी गेले आणि धुतलेलाच कप परत धुवायला लागले.

शालनबद्दल यांनी मला कधीच काही सांगितलं नव्हतं. घरात तिचा फोटो नव्हता. तिचं नावही मी यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आत्याबाईंकडून एवढंच कळलं होतं, की ती तिकडं शिकायला गेलेली मुलगी, लग्न दोघांनी तिकडंच केलं आणि ती अचानक गेली. बाकीची शालन मला यांच्या चुकांमधून कळत गेली. रोज एखादं उत्तर चुकायचं आणि रोज ती थोडी थोडी दिसायची. तिला भेंडी आवडत नव्हती. ती शिट्टी वाजवायची. पत्र लिहिताना जीभ दाताखाली धरायची. त्या हीटरच्या जाळीत झाडताना मला अधूनमधून एखादा लांबसडक केस सापडायचा. आधीचा असेल म्हणून मी टाकून द्यायचे. दोन वर्षं झाडूनही तो सापडायचा.

मला तिचा राग येत होता, हे कबूल करते. टाकाला कुंकू लावताना मी एकदा तिला म्हणालेसुद्धा, "बाई, मान तुझा पहिला, सगळं कबूल. पण यांच्या तोंडातून तेवढी बाहेर निघ. माझं घर जाईल."

तर मुलाखतीचा दिवस. चौकटीच्या पलीकडं मी बांगड्या चढवत होते, तेवढ्यात दरवाज्यातून आमचं नाव पुकारलं गेलं. आमची एकच धांदल उडाली. हे पट्टा लावताहेत, मी पिना खोचतेय, आणि ट्रेमधलं उरलंसुरलं सगळं यांनी गोळा केलं. आत शिरल्यावर एका बाईनं यांना डावीकडं नेलं. माझ्यासाठी उजवीकडचं दार उघडलं. दार लागल्यावर माझा हात सवयीनं गळ्याशी गेला आणि गळा रिकामा होता.

"एक मिनिट," मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याकडं..."

"मुलाखत संपेपर्यंत भेटता येणार नाही," ऑफिसरबाई म्हणाल्या. "बसा."

पिकलेल्या केसांच्या, लोकरीचा स्वेटर घातलेल्या बाई होत्या त्या. शेजारपाजारच्या एखाद्या मावशीसारख्या. खोलीला खिडकी नव्हती. टेबलावर कुंडीत एक रोप होतं, त्याची पानं तेवढी हलत होती, बहुधा हीटरच्या हवेनं. खरं सांगेन म्हणून मी उजवा हात वर करून शपथ घेतली.

"इथं लिहिलंय, तुम्हाला दुभाषी लागेल," त्या म्हणाल्या. "बोलावू का?"

"नको," मी म्हणाले. "त्याची काही गरज नाही. आपण सुरू करू या."

मी दचकले. माझं इंग्रजी मिरजेच्या शाळेतलं. एक वाक्य बोलायचं तर आधी मनात मांडून घ्यावं लागे. हे वाक्य मांडलेलं नव्हतं. ते नुसतं आलं, आणि इथं बरीच वर्षं काढलेल्या माणसाच्या सुरात आलं. मला वाटलं, भीतीनं माणूस हुशार होतो म्हणतात, तसं काहीतरी असेल.

"चहा घेता की कॉफी?"

"चहा."

"साखर किती?"

दोन चमचे. रोज संध्याकाळी घोकलेलं उत्तर. मी तोंड उघडलं.

"साखर नाही," माझा आवाज म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं. मी घाईनं म्हणायला गेले, नाही नाही, दोन चमचे. जीभ हलेना. बधिर झालेली नव्हती, हलायची तिला इच्छा नव्हती. गळ्याशी टाक जिथं टेकायचा तिथं थंडगार वाटत होतं, कुणी ओलं बोट ठेवल्यासारखं.

"पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपता?"

"खिडकीकडच्या."

"तुमच्या रविवारची सुरुवात कशी होते?"

"मी न्हाते. मग हॉलमधल्या जाळीपाशी बसून केस वाळवते. फार वेळ लागतो." आणि मी हसले. माझ्या गालांना ते हसू नवीन होतं.

बाईंनी पेन थांबवून माझ्या त्या एवढ्याशा वेणीकडं पाहिलं. मग परत लिहायला लागल्या.

आता सगळं लख्ख कळलं होतं. टाक गळ्यातून काढायला नको होता. दोन वर्षं मी तिला कुंकू लावत होते, नवं पातळ आधी तिला दाखवत होते, आणि तिनं मात्र एवढ्याच संधीची वाट पाहिली होती. एकदा मी मोकळ्या गळ्यानं सापडले आणि ती आपला संसार बघायला आली. यांच्याकडून घोकून घोकून माझी उत्तरं पाठ करून घेतली होती मी. पलीकडच्या खोलीत ते बिचारे सांगत असतील, दोन चमचे, दाराकडं. आणि इथं माझ्याच तोंडून ती मला खोटं पाडत होती. मनातल्या मनात मी तिच्या हातापाया पडले. शालन, माझं वाटोळं करू नकोस. मी तुझं काय घेतलं? तू गेल्यावर आले गं मी. मला जायला दुसरं घर नाही.

प्रश्न येत राहिले. भाजी न आवडणारी कुठली? भेंडी. कामात असताना एखादी सवय? शिट्टी वाजवते. मी आतून ओरडत होते आणि बाहेरून माझा आवाज शांतपणे उत्तरं देत होता. इतकी तयारी केलेली, इतकी बरोबर. परीक्षेला मनापासून अभ्यास करून आलेली मुलगी बोलते, तसा.

शेवटी बाईंनी कागद बाजूला सारले. "आता एकच. हा माझा स्वतःचा प्रश्न, मी सगळ्यांना विचारते. तुमच्या नवऱ्यानं तुम्हाला दिलेली पहिली वस्तू कुठली?"

हा प्रश्न आमच्या सरावात कधीच आला नव्हता. खरं उत्तर होतं साखरपुड्याची जांभळी साडी, आणि तीही आत्याबाईंनीच निवडलेली. या प्रश्नाचं शालनचं उत्तर मला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. यांच्या कुठल्याही चुकीतून ते निसटलेलं नव्हतं. मला एक वेडी आशा वाटली, की निदान इथं ती गप्प बसेल.

"एक हातमोजा," मी म्हणाले.

"एकच?"

"डावा. बसस्टॉपवर उभे होतो, बर्फ पडत होतं. माझ्याकडं हातमोजे नव्हते. त्यानं एक मला दिला, एक स्वतः घातला."

"आणि उरलेले दोन हात?"

"ते आम्ही त्याच्या कोटाच्या एका खिशात घातले."

हे बोलताना मांडीवरच्या माझ्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळली. ती मूठ गरम होती. कुणीतरी हातात हात घट्ट धरून ठेवावा, तशी गरम. बाकी मी गारठले होते.

बाईंनी शेवटचं उत्तर लिहून घेतलं. मग उठून कागद घेऊन बाहेर गेल्या. मी त्या रोपाकडं बघत बसले. त्याची पानं आता हलत नव्हती. मी हळूच "दोन चमचे" असं म्हणून पाहिलं आणि ते मराठीत, माझ्या आवाजात आलं. आता येऊन काय उपयोग होता? मी मनात बॅग भरायला घेतली.

दार उघडलं आणि बाईंच्या मागून हे आत आले. चेहरा पांढराफटक. माझ्या नजरेला नजर देईनात. एक हात कोटाच्या खिशात खुपसलेला.

"मी पुष्कळ वर्षं हे काम करते," बाई म्हणाल्या. "खरी जोडपीसुद्धा चार-पाच ठिकाणी चुकतात. नवऱ्यांना पडद्यांचा रंग माहीत नसतो. तुमचं एकही उत्तर चुकलं नाही. एकही नाही. आणि तो हातमोजा..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अभिनंदन. कार्ड टपालानं येईल."

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. बाईंना दार उघडून धरावं लागलं.

गाडीत बसलो. काचांवर बर्फ साचलं होतं, त्यामुळं बाहेरचं काही दिसत नव्हतं. यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मंदा, मी सगळं चुकीचं सांगितलं," हे म्हणाले. "सगळं. साखर नाही म्हणालो, खिडकीकडं म्हणालो. तोंड उघडलं की तेच येत होतं. मला कळत होतं चुकतंय, पण थांबवता येत नव्हतं. मी म्हटलं, संपलं. मी माझ्या हातानं तुला परत पाठवली." त्यांचा आवाज फुटला. "आणि ती बाई म्हणते, जुळलं. कसं जुळलं? तू काय सांगितलंस?"

"तेच," मी म्हणाले. "साखर नाही. खिडकीकडं. भेंडी."

"का?"

"मी नाही सांगितलं."

यांनी किल्ली परत काढून घेतली. मग हळूहळू बोलायला लागले. दोन वर्षांत एवढं सलग बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

शालनचीही अशीच मुलाखत व्हायची होती. हे नुकतेच नागरिक झाले होते, तिचा बायको म्हणून अर्ज केला होता, तारीख आली होती. तीही घाबरली होती. रोज संध्याकाळी त्याच टेबलाशी बसून दोघं सराव करायची. यांनी तिची सगळी उत्तरं पाठ केली होती, एक चूक होऊ नये म्हणून. मुलाखत दोनचार दिवसांवर आली होती तेव्हाची गोष्ट.

"मी तिला शेवटचा प्रश्न विचारला होता," हे म्हणाले. "मी तुला दिलेली पहिली वस्तू कुठली? माझ्या मनात होतं, तिच्या लक्षात आहे का बघू. ती हसली. म्हणाली, सांगते, आधी चहा टाकते. उठली आणि म्हणाली, डोकं फार दुखतंय. आणि ओट्यापाशीच खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत..." यांनी मोकळ्या हातानं स्टिअरिंग धरलं. "मेंदूत रक्त साकळलं होतं म्हणाले. तिचं उत्तर राहिलं. इतकी वर्षं मला कळलंच नाही, तिला आठवत होतं की नाही."

काचेवरचं बर्फ थोडं घसरून खाली आलं.

"आज शेवटी तुझी ती ऑफिसरबाई माझ्या खोलीत आली आणि तिनं तेच विचारलं. मी खरं ते बोलून गेलो. तू... मंदा, त्या प्रश्नाला तू काय सांगितलंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण समोरचा माणूस मुलाखतीला बसल्यासारखा बसला होता आणि या वेळी उत्तर त्याला हवं होतं.

"एक हातमोजा," मी म्हणाले. "डावा. आणि उरलेले दोन हात तुमच्या कोटाच्या खिशात."

यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हे रडले. लहान मूल रडतं तसे, लाज सोडून. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी खिशातून हात बाहेर काढला. मुठीत माझं मंगळसूत्र होतं.

"तुला द्यायचं राहिलं," हे म्हणाले. "आत असताना सगळा वेळ हातात धरून बसलो होतो. सोडवेना."

मी ते घेतलं. टाक गरम होता. शालन दोन डोळे, नथ आणि जोडलेले हात घेऊन होती तशी होती. दोन वर्षं मी ज्यांना नमस्कार समजत होते, ते हात थंडीत एकमेकांवर चोळल्यासारखेही दिसत होते, हे मला तेव्हा दिसलं. मी मंगळसूत्र गळ्यात घातलं. मला तिची भीती वाटत होती आणि माझ्या डोळ्यांत पाणीही होतं.

कार्ड पुढं वसंतात आलं. रीतीप्रमाणं मी ते आधी टाकासमोर धरलं. यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर तिचं नाव घेतलं. "शालन, आलं गं कार्ड," एवढंच म्हणाले. त्यावर नाव माझं होतं, फोटो माझा होता. मिळवलं कुणी, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी आम्ही घरी आलो तेव्हा हे माझ्याआधी स्वयंपाकघरात गेले. मला टेबलाशी बसवलं. स्वतः चहा टाकला. आलं ठेचलं, दूध उतू जाऊ दिलं नाही. यांचा चेहरा आजारातून उठलेल्या माणसासारखा हलका दिसत होता.

"ती उत्तरं आज देऊन झाली, मंदा," पाठमोरे उभे राहून हे म्हणाले. "डोक्यातून गेली. आता बघ." आणि मला दाखवत दाखवत त्यांनी कपात साखर घातली. एक चमचा. दुसरा चमचा. "दोन. दाराकडं झोपतेस. भेंडी आवडते. रविवारी उशिरापर्यंत लोळतेस. आता तुझं एकही उत्तर चुकणार नाही."

दोन वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली होती. कप त्यांनी माझ्यापुढं ठेवला आणि समोर बसले. मी दोन्ही हातांनी कप उचलला आणि पहिला घोट घेतला.

तो मला गिळवेना. जिभेला नुसता पाक लागला. आयुष्यभर दोन चमचे पीत आलेली मी, आणि माझ्या घशाशी ते गोड अडकून बसलं. मी हळूच वर पाहिलं. यांच्या मागं हॉलमधली ती जाळी दिसत होती. हीटर सुरू झाला होता, आणि मला तिथं जमिनीवर, ऊब येते तिथं, जाऊन बसावंसं वाटत होतं.

"बरोबर?" यांनी विचारलं. डोळे आशेनं भरले होते.

"बरोबर," मी म्हणाले, आणि तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.